तिसऱ्या दिवसाचं पाणी

प्रिय यागोदा,

तुझा लखोटा पोहोचला. उघडण्याआधी मी तो उलटसुलट करून बघितला. डिंकाच्या कडेला एक सुरकुती होती, आणि आपला पोस्टमन दुसऱ्यांची पत्रं वाफेवर धरतो असा माझा जुना संशय आहे. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर म्हणाला, "आजोबा, मला माझ्या घरचीच पत्रं वाचायला वेळ नाही." न विचारता जो असं सांगतो त्याच्यावर जास्तच लक्ष ठेवायला हवं. म्हणून हे पत्र बंद करताना मी वरून पिठाची खळ फासणार आहे. खळ वेडीवाकडी असेल तर समज पत्र कोणी उघडलेलं नाही. तुझ्या आईने दिलेल्या फोनवर हे सगळं सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण फोनमध्ये समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि तोंड दिसलं नाही की मला प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरं वाक्य ऐकू येतं. मग मी ओरडतो, तू गप्प होतेस, आणि मुद्दा राहून जातो. या वेळी मुद्दा राहून चालणार नाही. मी शाळेत जेमतेम चार हिवाळे गेलो, त्यामुळे अक्षराकडे बघू नकोस, मजकुराकडे बघ.

तुझा बेत मी खिडकीपाशी बसून वाचला, मग बाहेर अंजिराखाली बसून वाचला. बाहेरही तो मला पटला नाही. जुलैच्या शेवटी, पाठीवर घर बांधून, वेलेबित डोंगराच्या माथ्यामाथ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे पाच दिवस चालायचं, आणि पाणी जिथे तू निळे थेंब काढलेस तिथे भरायचं. हे थेंब तुला कोणी सांगितले? नकाशावरून घेतले असशील. तो नकाशा करणारा माणूस डोंगरावर कोणत्या महिन्यात गेला होता, हे नकाशावर लिहिलेलं असतं का? मे महिन्यात या डोंगराच्या प्रत्येक बिळातून पाणी ठिबकत असतं. तेव्हा तर माझ्या बुटातही झरा असतो. जुलैच्या शेवटी त्याच जागी कोरडं शेवाळ आणि एक उपाशी सरडा. आपल्या डोंगराला पाणी धरता येत नाही. पाऊस पडतो तो चाळणीतून जावा तसा दगडातून जातो आणि खाली समुद्रात, किनाऱ्यापासून थोडं आत, गार पाण्याचा फुगा होऊन वर येतो. लहानपणी आम्ही त्या फुग्यात पोहायचो आणि वर डोंगरात आमच्या आया तहानेने शेळ्यांना शिव्या देत असायच्या. म्हणून इथे झऱ्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. इथे भरवसा टाक्यावर. माणसाने बांधलेलं, पावसाने भरलेलं, वरून झाकलेलं टाकं.

आणि हा लोव्रो कोण? तू लिहिलंस, "लोव्रो बरोबर आहे, त्याच्याकडे पाणी गाळायची नळी आहे." आडनाव लिहिलं नाहीस. ज्याचं आडनाव लिहायचं टाळतात तो एक तर डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा असतो, नाहीतर तात्पुरता असतो. असो, मी विचारत नाही. त्याला एवढंच सांग की गाळणी घाण पाणी स्वच्छ करते, नसलेलं पाणी आणून देत नाही. नळी तोंडात धरून दगड चोखलास तर दगडच लागेल.

आता दिवसांचं बघू. पहिला दिवस ठीक आहे. उत्तरेच्या निवाऱ्यात राखणदार असतो आणि त्याचं टाकं मोठं आहे. पाणी पुष्कळ आहे असं तो सांगेल, कारण पाणी नाही म्हटलं तर लोक येणार नाहीत आणि त्याची बिअर पडून राहील. तू त्याचं ऐकू नकोस, झाकण उघडून स्वतः बघ. चिडला तर चिडू दे. दुसऱ्या संध्याकाळी तू पत्र्याच्या रिकाम्या निवाऱ्याशी पोहोचशील. तिथे पन्हळीखाली एक पिंप आहे. ते भरलेलं असतं, पण शहरातले लोक तोटी नीट बंद करत नाहीत. तोटीखालची माती ओली दिसली तर समज की तुझ्याआधी कोणीतरी शहाणा येऊन गेला. पिंपात असेल तेवढं दोघांच्या सगळ्या बाटल्यांत भरा, आणि निघायच्या आधी पोटात भरा, तहान नसली तरी. उजाडायच्या आधी चालायला लागा. दुपारी पाइनच्या सावलीत पडून राहा. वाटेत गुरांची डबकी लागतील, त्यांवर हिरवी साय असेल. तिथे गाळणीची परीक्षा घेऊ नका. खोल खड्ड्यांच्या तळाशी उन्हाळाभर बर्फ टिकतं. आम्ही पोरं कुऱ्हाड घेऊन उतरायचो, बर्फ तोडून शेळीच्या केसांच्या पोत्यात भरायचो आणि पाठीवर घेऊन धावायचो. घरी पोहोचेपर्यंत निम्मं बर्फ पोत्यात आणि निम्मं चड्डीत. पण आम्हाला वर दोरी धरायला माणसं होती. तुला लोव्रो आहे. उतरू नकोस.

राहिला तिसरा दिवस. त्या दिवशी वाटेत काहीच नाही. संध्याकाळी तू आपल्या वरच्या कुरणात पोहोचणार, जिथे आपली उन्हाळ्याची झोपडी होती, आणि तिथे तू सगळ्यांत मोठा थेंब काढला आहेस. शेजारी लिहिलंस, "आजीचं टाकं." आणि कागदाच्या शेवटी एकच प्रश्न: "आजोबा, तिसऱ्या दिवसाचं पाणी नक्की आहे ना?" त्या प्रश्नाने माझं जेवण गेलं. कारण पत्र्याच्या पिंपापासून पुढच्या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे चौथ्या दिवशी दुपार कलेपर्यंत, त्या टाक्याशिवाय दुसरा थेंब नाही. त्या टाक्यात पाणी नसेल, किंवा असून खराब असेल, तर तुम्ही दोघं रिकाम्या बाटल्या घेऊन तापलेल्या दगडांवर असाल, आणि तिथे फोन लागत नाही. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्याच टाक्याचं. का माहीत नव्हतं ते सांगतो, कारण त्यात माणसं गुंतली आहेत.

तुझी आई जन्मली त्या वर्षी पावे वर आला होता. पावे म्हणजे तुझ्या आजीचा, इकाचा, धाकटा भाऊ. तुझ्या आईचा मामा म्हणून त्याने बाप्तिस्म्याची भेट आणली ती बादलीत. ओढ्याच्या मुखाशी पकडलेली एक वाम, सापासारखी लांब मासळी. बोटभर जाडीची, काळी, नुसती वळवळ. इथे टाक्यात वाम सोडतात हे तुला माहीत नसेल. ती डासांच्या अळ्या खाते, किडे खाते, टाकं नितळ ठेवते. वाम जिवंत तोवर पाणी चांगलं, मग कोणी कागद आणून काहीही दाखवो. इका बादलीची कड टाक्याच्या दगडावर तीनदा वाजवायची आणि मक्याच्या घट्ट लापशीचा गोळा टाकायची. खालून अंधारातून वाम यायची. पुढे ती माझ्या मनगटाएवढी झाली. पाठीवरच्या पराला एक खाच होती, एकदा बादली लागली होती त्याची. तुझी आई लहानपणी टाक्याच्या कडेला पालथी पडून तिच्याशी बोलायची. इका गेल्यावर मी बोलायचो. काय बोलायचो ते इथे लिहीत नाही. पुढे पुढे एकट्याने आत वाकणं नको वाटायला लागलं, आणि गेली दोन-तीन वर्षं मी झाकण आणि दोरी बघूनच परतायचो.

इकाच्या अंत्यविधीच्या जेवणाला पावे माझ्या शेजारी बसला होता. सूप अजून ताटात गरम होतं आणि तो वाकून मला म्हणाला, "दाजी, आता टाक्याचं काय करायचं?" बहीण मातीत जाऊन दोन तास झाले नव्हते आणि याला टाकं. त्याचं कुरण भिंतीच्या पलीकडेच, त्याचं टाकं कधीचं तडकलेलं. मला सगळं समजलं असं मला वाटलं. मी चमचा ठेवला आणि उठलो, आणि त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. चर्चमध्ये तो उजव्या बाजूला बसला की मी डाव्या.

त्यानंतर वर गेलो की काही ना काही वेगळं दिसायचं. टाक्याचं झाकण मी खाच डोंगराकडे करून ठेवतो. ते फिरलेलं असायचं. दोरीला गाठ असायची ती माझी नसायची. हद्दीच्या दगडावरची लाल खूण पुसट होत चालली होती, आणि ती पावसानेच पुसली असं मानायला मी तयार नव्हतो. त्यातच तुझी आई. दर रविवारी फोन करते आणि जेवलात का विचारायच्या आधी विचारते, "बाबा, या आठवड्यात वर जाणार आहात का? कोणत्या दिवशी?" कोणत्या दिवशी हे कशाला हवं? मी नसताना कोणाला तरी वर नेऊन जागा दाखवायची असेल तरच. दोन वर्षांपूर्वी, आठव, ऑक्टोबरमध्ये ती न कळवता इथे आली होती. भर पावसात दुपारी दारात उभी, बूट ओले, स्कर्ट गुडघ्यापर्यंत ओला. मी विचारलं, "कुठून आलीस?" म्हणाली, "बसमधून." मी म्हटलं, "बसला तळ नव्हता का?" ती हसली आणि बूट चुलीपाशी ठेवून झोपी गेली, दिवसा, माझ्या खाटेवर. त्या बुटांनी मला दोन वर्षं छळलं. मोजणीदाराबरोबर कुरणात फिरून आली असणार, जमीन विकायची आणि मला शहरात तुमच्या सहाव्या मजल्यावर नेऊन बसवायचं ठरलं असणार, असं मी धरून चाललो. आणि मग तुझा कागद आला. पाच दिवसांच्या रस्त्यात मुक्काम नेमका आपल्या टाक्यावर, जिथून माझं धुराडं दिसतं, आणि खाली यायचं मात्र बेतात नाही. खरं सांग, आईने पाठवलं का तुला, म्हातारा अजून चालतो का ते वरून बघून यायला?

तर मी स्वतःच वर गेलो. तुझ्या आईला रविवारी मुद्दाम सांगितलं की या आठवड्यात गुडघा दुखतोय, कुठे जाणार नाही. झोळीत दोरी, दोरीला बांधायला दगड, चीज, भाकरी, लापशीचा गोळा, आणि नावेच्या तळाला लावतात त्या लाल रंगाचा उरलेला डबा, हद्दीची खूण पुन्हा ठळक करायला. गुडघा खरंच दुखायला लागला, खोटं बोललं की असं होतं. ज्या चढावरून इकाबरोबर गाणं म्हणत जायचो तिथे मी प्रत्येक वळणावर बसलो. पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. झाकण फिरलेलंच होतं. दोरी सोडली, ओली दोरी वर ओढली, पाणी माझ्या उंचीपेक्षा जास्त. इथवर ठीक. वास घेतला, वास नाही. मग बादली दगडावर तीनदा वाजवली आणि गोळा टाकला.

खूप वेळ काही आलं नाही. मी पुन्हा वाजवलं. मग तळाशी काहीतरी हललं आणि वर आलं. वाम होती. पण बोटभर जाडीची, काळी, वळवळणारी. खाच नाही, काही नाही. परकी. तिने गोळ्याला तोंड लावलं आणि लाजून परत गेली. यागोदा, आपल्या घरात शिरावं आणि आपल्या खुर्चीत अनोळखी माणूस बसलेला असावा, तसं मला झालं. मी कडेवर बसून राहिलो. कोणीतरी इकाची वाम काढली होती आणि मला कळू नये म्हणून तिच्या जागी दुसरी टाकली होती. एवढी मोठी वाम म्हणजे चार माणसांचं जेवण. आणि कोणीतरी म्हणजे कोण, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. डोक्यात एकच चाललं होतं: जो वाम बदलतो तो पाण्यात काय टाकेल याचा नेम नाही. त्या रागात मी वर आणखी एक गोष्ट केली, ती शेवटी सांगतो. मग उतरलो. घरी गेलो नाही, सरळ पावेच्या दारात गेलो.

पावेची बायको मार्ता उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. तिची जीभ तुला माहीत आहे. मान वर न करता म्हणाली, "या दाजी. इतक्या वर्षांनी रस्ता सापडला, की चुकलात?"

मी म्हटलं, "इकाची वाम कुठे आहे?"

"घ्या. ना बसणं, ना पाणी, आल्या आल्या मासा. खाल्ली आम्ही. कांदा घातला, व्हिनेगर घातलं, वर लापशी."

"मला वाटलंच होतं," मी म्हटलं.

"ऐकलंस का रे?" तिने घरात आवाज दिला. "दाजींना वाटलंच होतं. ये बाहेर, आणि तोंड पुसून ये, मिशीला शेपूट लागलं असेल."

पावे बाहेर आला. हातात जाळं होतं, गाठी मारत होता. ती गाठ मी ओळखली. टाक्याच्या दोरीला असायची तीच. तो खूप म्हातारा झाला आहे, आणि हे मला चर्चच्या दुसऱ्या बाजूने कधी दिसलं नव्हतं. तो म्हणाला, "मार्ता, गप बस."

"मी का गप बसू? ह्यांना तेच ऐकायचंय, ऐकू दे की. खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?"

"दाजी, बसा," पावे म्हणाला. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच ऐकलं. त्याने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये तो टाक्यावर गेला तेव्हा वाम खायला येईना. तिचं पोट चंदेरी झालं होतं, डोळे मोठे झाले होते, आणि ती भिंतीला डोकं घासत गोल गोल फिरत होती. नाक सोललं होतं. वाम पिकली की अशी होते. मग तिला समुद्र हवा असतो, लांबचा, जिथे ती जन्मली तो. ओढ्यात असेल तर ती आपली आपण पावसात निघून जाते. टाक्यातून कुठे जाणार? पावेने तुझ्या आईला कळवलं. ती रात्रीच्या बसने आली, उजाडता उजाडता दोघं पावसात वर गेले, जाळीने वाम काढली, ओल्या लोकरीच्या पोत्यात घातली, आणि आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली समुद्रावर आणली. "पोरगी गुडघाभर पाण्यात गेली," पावे म्हणाला. "मी म्हटलं पोतं उपडं कर, तर नाही म्हणाली. हातांनी सोडली. थोडा वेळ तिच्या पायांपाशीच होती, मग गेली."

मी म्हटलं, "आणि मला कोणी सांगितलं नाही."

"इकानेच सांगितलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून," पावे म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, गाठीकडे बघत होता. "शेवटच्या आठवड्यात. मला आणि तुमच्या नेवेंकाला. म्हणाली, ती चंदेरी झाली की तिला समुद्रात सोडा, पण योसोला विचारू नका. तो आधी संशय घेईल, मग विचार करेल, आणि मग ती जाऊ देणार नाही."

हे इकाचंच वाक्य होतं. पावेला असं वाक्य रचता येत नाही.

"म्हणून मी जेवणाच्या वेळी विचारलं होतं," तो म्हणाला, "टाक्याचं काय करायचं. म्हणजे दर वसंतात ते धुणार कोण. तुम्ही उठूनच गेलात. मग मीच धूत आलो. नवी वामही मीच सोडली, पाणी नितळ राहावं म्हणून."

"आणि तुम्ही वर निघालात की नेवेंका आदल्या दिवशी फोन करते," मार्ता म्हणाली, "की हा उठून तुमच्या आधी जातो, पाणी बघतो, दोरी बघतो. कुठे पडलात बिडलात तर निदान दोरी तरी धड असावी. या वेळी तिने सांगितलं गुडघा दुखतोय, नाही जाणार. म्हणून हा घरी होता. खोटारडे कुठले." मग तिने माझ्यासमोर एक वाटी ठेवली आणि म्हणाली, "शेंगा सोला. हात रिकामे असले की तुमचं डोकं चालतं."

मी शेंगा सोलल्या. पावेने राकियाची दारू ओतली. मी त्याच्या पेल्याकडे आणि माझ्या पेल्याकडे बघितलं, दोन्ही एकाच बाटलीतून भरले होते, मग प्यालो. बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं ज्या जागी राग ठेवला होता ती जागा एकदम रिकामी झाली की तिथून गार वारा येतो. एक मात्र मी पावेला कबूल केलं. इका बरोबर होती. मला विचारलं असतं तर मी ती वाम जाऊ दिली नसती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. लाल रंगाचा डबा. ती परकी वाम बघितल्यावर मी हद्दीच्या दगडाकडे गेलोच नाही. मी टाक्याच्या झाकणावर, हातभर मोठ्या अक्षरांत, लिहिलं: "पाणी विषारी. पिऊ नका. योसो." नाव मुद्दाम घातलं, म्हणजे आपल्या माणसांना खात्री पटावी. नावेचा रंग तो, समुद्रात टिकतो, दगडात तर मुरतो. दुसऱ्या दिवशी पावे तारेचा ब्रश घेऊन वर गेला आणि दिवसभर घासून आला. मार्ताने विचारलं, "गेलं का?" तो म्हणाला, "गुलाबी झालंय. आधीपेक्षा लांबून वाचता येतं." पावे म्हणतो, खाली "हे खोटं आहे" असं लिहू. मार्ता म्हणते, मग दोन्हींतलं खोटं कोणतं हे सांगायला तिसरं लिहावं लागेल. झाकण उलटं घालावं तर ते बसत नाही. नवं झाकण घडवायला दिलं आहे, पण दगडफोड्या सप्टेंबर म्हणतो, आणि त्याचा सप्टेंबर मला माहीत आहे. तोवर पावेने आणि मी आळीपाळीने वर बसायचं ठरवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला. त्याच्या पुतण्याची जीप जंगलातल्या रस्त्याने जवळपर्यंत जाते. पण माझा गुडघा, त्याची छाती आणि ती जीप, तिन्हींवर माझा विश्वास नाही. तू पोहोचशील तेव्हा तिथे कोणी नसू शकेल. तू तहानलेली असशील, झाकणावर तुझ्या आजोबाचं अक्षर असेल, खाली त्याचं नाव असेल, आणि तू मला मानतेस म्हणून पाणी न पिता पुढे निघशील. हे मला दिसतं. म्हणून नीट वाच: पाणी चांगलं आहे. मी आणि पावेने दोघांनी पिऊन बघितलं, आधी त्याने. तिसऱ्या दिवसाचं पाणी नक्की आहे. मी रागाने दगडावर लिहिलं ते मानू नकोस, हे मान. झाकण सरकवताना आधी काठी आपट, फटीत नाकावर शिंग असलेला विषारी साप बसतो. मग बादली दगडावर तीनदा वाजव. लहान वाम आली नाही तर घाबरू नकोस, तिला अजून सवय नाही, बरोबर लापशीचा गोळा असू दे. पिऊन झालं की चौथ्या सकाळी पुढे जायच्या ऐवजी खाली उतर, पायवाट धुराड्याच्या रोखाने येते, आणि लोव्रोलाही आण, आडनावासकट. तुला आईने पाठवलं असेल तरी ये. आणि तिलाही बोलाव, माझ्याकडून. फोनवर मला ते जमणार नाही, मी पुन्हा विचारीन की कशाला येतेस. तिला एवढंच सांग की त्या दिवशी बूट का ओले होते ते बाबांना कळलं, आणि या खेपेला येताना तिने ते वाळवायला माझ्याच चुलीपाशी ठेवावेत.

पत्र पोहोचलं की एका ओळीचं का होईना उत्तर पाठव. ते येईपर्यंत मी पोस्टमनकडे बघत बसेन, आणि त्याला ते आवडत नाही.

टाक्याच्या कडेवर, नाहीतर दारात, तुझी वाट बघणारा,
तुझाच आजोबा,
योसो